विहिरीतलं पाणी

गुलमंडीजवळच्या एका शिंप्याकडे मी उरलेल्या चिंध्या आणायला जायचे. घरी छोट्या छोट्या गोधड्या शिवायच्या, त्यांवर मणी, काचा, बटणं लावायची, हा माझा छंद. ती दुष्काळाची वर्षं होती. चिकलठाण्याच्या आमच्या नव्या इमारतीत टँकर आला तरच पाणी. पण सुई हातात घेतली की मी सगळं विसरायचे.

एकदा तिथं माझ्याआधीच एक बाई गाठोडं उपसत बसली होती. प्रत्येक तुकडा गालाला लावून बघायची आणि नेमके चांगले तेवढे पिशवीत टाकायची. माझा नुसता जळफळाट झाला. हिमरूच्या रेशमी कापडाचा एक निळा तुकडा दिसताच मी झडप घातली, तर त्याचं दुसरं टोक तिच्या हातात!

“ताई, मला द्या की. लई दिसापास्नं हुडकायलेय,” म्हणत तिनं पिशवीतून हातभर गोधडी काढली. तिच्यावर तिनं शेंद्र्याचं आपलं शेत शिवलं होतं. जुन्या लुगड्याची ढेकळं, सुतळीचा बांध, बटणांची गोल विहीर. “आता तिथं कारखाना झाला. विहीर तर त्याच्याआधीच आटली. हितं तरी ह्या निळ्याचं पाणी भरते!” ती खुदकन हसली.

मी टोक सोडलं.

“तुमी काय शिवता?”

“छोट्या गोधड्या. टीव्हीवर घालायला.”

“छान,” ती मनापासून म्हणाली.

घरी येऊन मी माझ्या गोधड्या पसरल्या. सगळ्या सुबक होत्या, पण एकीतही माझं असं काही नव्हतं. जिचं शेत गेलं, विहीर आटली, तिचाच मला हेवा वाटत होता. आणि हे घरात कुणाला सांगायची सोय नव्हती.