दगडावरचं नववं नाव

मारोती पेंटरचं अक्षर पांढरकवड्यात सगळीकडे आहे. हायवेवरच्या ट्रकांच्या मागे, दवाखान्याच्या पाटीवर, आमच्या शाळेच्या फाटकावर. फ्लेक्स आले तेव्हा बाकीच्या पेंटरांनी ब्रश सोडले. एकाने पानठेला टाकला, एक नागपूरला गेला. मारोती राहिला. साठी उलटली तरी सायकलच्या हँडलला रंगाचे डबे अडकवून फिरतो. बोलतो कमी. त्याच्या हातून वेलांटी चुकलेली मी कधी पाहिली नव्हती.

मी शाळेत इतिहास शिकवते. चार वर्षांपूर्वी मी इथल्या जुन्या चर्चमधल्या दगडाच्या मागे लागले. पहिल्या महायुद्धात या भागातून गेलेल्या आणि परत न आलेल्या नऊ माणसांची नावं त्यावर मराठीत कोरलेली आहेत. सगळे काही ख्रिस्ती नव्हते. त्या वेळच्या पाद्र्याने गावोगाव फिरून माणसं पाठवली होती, कुणाला खेचरं हाकायला, कुणाला जखमी उचलायला. ती मेली, तेव्हा त्यानेच हा दगड बसवून घेतला.

सुट्टीच्या दिवशी मी तांड्यांवर, कोलामांच्या पोडांवर, खेड्यांत जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारत असे. एका तांड्यावर लालसिंग भेटले. दगडावरचा धनसिंग त्यांच्या आजोबांचा थोरला भाऊ निघाला. खेचरांच्या तांड्याबरोबर गेला आणि इराकात बसऱ्याला पटकीने मेला. असं करत करत आठ जणांचं काहीबाही हाती लागलं. नववा सापडत नव्हता. दगडावर नाव स्वच्छ होतं, ‘पांडुरंग नारायण’, पण कुठल्याही गावात, कुठल्याही कागदात त्याचा पत्ता नाही.

मधे एकदा मारेगावकडच्या एका खेड्यातून मथुराबाईंचा फोन आला. वय सत्तरच्या आसपास. त्यांना कुणीतरी माझ्याबद्दल सांगितलं होतं.

“माह्या आज्याचं नाव हाये त्या दगडावर. उकंडा जानबा.”

मी म्हटलं, “मावशी, तसं नाव नाहीये. मी तो दगड शंभरदा वाचलाय.”

“माह्या बापानं लहानपणी पाह्यलं होतं.”

“दुसऱ्या एखाद्या चर्चमध्ये असेल,” असं मी म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी. पाद्र्याच्या एका पत्राची नक्कल माझ्या फायलीत होती. त्यात गेलेल्यांची यादी होती आणि शेवटी लिहिलं होतं, ‘उकंडा, मारेगावकडचा’. मी त्या ओळीवर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं होतं. पत्रात चूक होऊ शकते, दगडात कशी होईल, असा माझा हिशेब. फोन ठेवल्यावर मला ती ओळ आठवली. तरी मी फाईल उघडली नाही.

गेल्या वर्षी अकरा नोव्हेंबरला, ते महायुद्ध थांबल्याच्या दिवशी, चर्चमध्ये छोटा कार्यक्रम करायचं ठरलं. आठ घरची माणसं येणार होती. नऊ नावांची मोठी पाटी हवी होती, ती मी मारोतीला सांगितली. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी तो पाटी घेऊन शाळेत आला आणि स्टाफरूमच्या भिंतीला टेकवून उभा राहिला. आठ नावं सुरेख उतरली होती. खाली एका नावाची जागा कोरी होती.

“नववं राह्यलं का?”

“नववं माह्याच्यानं लिहिनं होत नाई, मॅडम.”

“काहून?”

तो खाली बसला. मग त्याने सांगितलं ते असं.

एकोणीसशे शहाण्णव साली चर्चची डागडुजी झाली, तेव्हा दगडावरच्या अक्षरांत काळा रंग भरायचं काम त्याच्याकडे आलं. ओल लागून खालच्या नावाचा पापुद्राच निघालेला होता. एक अनुस्वार आणि एक ‘ड’, एवढंच उरलं होतं. पाद्रीसाहेब म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना विचार आणि भर. त्याने दोन घरी विचारलं, कुणाला माहीत नव्हतं. तिसऱ्या घरी तो गेला नाही. दुपार झाली होती, दुसरं काम वाट पाहत होतं. आदल्याच दिवशी त्याने ‘पांडुरंग किराणा’ अशी पाटी रंगवली होती. अनुस्वार जुळत होता, ‘ड’ जुळत होता. त्याने खळगा सिमेंटने भरला, ओलं असतानाच खिळ्याने अक्षरं कोरली आणि वरून काळा रंग दिला. ‘नारायण’ जागा भरायला टाकलं.

“मले वाटलं, कोन वाचते?” तो म्हणाला.

मला राग आला. दोन वर्षं मी एका किराणा दुकानाच्या नावाचा माग काढत होते. पण मारोतीचं संपलं नव्हतं.

“पाच वर्षांनी एक म्हातारा आलता. ऐंशीच्या वर असन. संग त्याची पोरगी. मी तिथंच फाटक रंगवून राह्यलो होतो. म्हाताऱ्यानं चौकीदाराले म्हटलं, माह्या बापाचं नाव दाखवा, उकंडा. चौकीदारानं सारी नावं वाचून दाखवली, म्हने असं नाव नाई. म्हातारा म्हने, खालचं हाये, सगळ्यात खालचं. चौकीदार हासला. मले तवाच समजलं, मॅडम. अनुस्वार अन् ‘ड’.”

“मग बोलला का नाहीस?”

“चर्चचं सारं काम माह्याकडंच होतं. अन् मंग रोज वाटे, उद्या सांगू. असे चोवीस वर्षं गेले.”

मी कपाटातून फाईल काढली. पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह तिथेच होतं. मारोतीला रागावण्यासारखं माझ्यापाशी काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं करंजीवरून बसने मारेगावकडे गेलो. मथुराबाई कापूस वेचून नुकत्याच घरी आल्या होत्या, वेचलेला कापूस टाकायचा कापडी ओटा कमरेलाच होता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्यांच्या खाली वडिलांचा एक लहान फोटो. मी माझं सांगितलं, पत्राची नक्कल पुढे केली. मारोतीने त्याचं सांगितलं. मग मथुराबाईंनी मारोतीकडे पाहिलं.

“त्या दिवशी तू तिथंच होता?”

“होतो.”

“आमाले पाह्यलं?”

“पाह्यलं. बाबा थकले होते. पानी म्याच देल्लं त्यायले.”

“पानी देल्लं,” त्या म्हणाल्या, “अन् नाव ठेवून घेतलं.”

मथुराबाई सांगू लागल्या, आवाज न चढवता. त्यांचे वडील वर्षाचेही नव्हते तेव्हा उकंडा गेला. बाप म्हणून वडिलांजवळ ना फोटो होता ना वस्तू, दगडावर पाहिलेलं नाव तेवढं होतं. गावात त्यांनी सगळ्यांना ते सांगितलं होतं. त्या दिवसानंतर गावातली माणसं त्यांना ‘चर्चवाले’ म्हणून चिडवायची.

“त्याचं मले काही नाई,” मथुराबाई म्हणाल्या. “पन मरायच्या आधी बाप मले इचारे, मथुरा, माह्या बापाचं नाव उकंडाच होतं ना? का म्या जनमभर चुकीचंच सांगलं? मी म्हनो, उकंडाच. तो म्हने, मंग दगडावर काहून नाई?”

त्यांनी चहा केला, तीन कप आणले. मारोतीचा हात कपाकडे गेलाच नाही. निघताना त्या मला म्हणाल्या, “नाव दुरुस्त करा. पन दगडाले यानं हात लावू नये.”

चर्चच्या नव्या पाद्र्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मंडळींपुढे ठेवलं. कुणी आडवं आलं नाही. वणीहून दगडाचं काम करणारा माणूस आणला. सिमेंट निघालं, खाली अनुस्वार आणि ‘ड’ जसेच्या तसे होते. त्याने ‘उकंडा जानबा’ कोरलं. ते काम चाललं ते दोन दिवस मारोती फाटकाबाहेर सायकल धरून उभा असायचा. आत ये म्हटलं तरी आला नाही.

कार्यक्रमाला मथुराबाई आल्या नाहीत. पंधरा दिवसांनी एका मंगळवारी एकट्याच येऊन दगड पाहून गेल्या, असं चौकीदाराने मला सांगितलं.

शाळेच्या वार्षिक अंकात मी हे सगळं लिहिलं. मारोतीला विचारलं, नाव घालू की नको? म्हणाला, “घाला. पूरं घाला.” त्याच्याबद्दलचं एका बैठकीत लिहून झालं. माझ्या प्रश्नचिन्हाचा परिच्छेद मात्र मी तीनदा लिहिला आणि दोनदा त्यात स्वतःला सोडवून घेतलं. तिसरा छापला. अंक मथुराबाईंना पोस्टाने पाठवला, त्याला आता दोन महिने होतील. मारोती रस्त्यात भेटला की सायकलवरून उतरतो आणि विचारतो, “त्यायनं काही म्हटलं काय?”

मी सांगते, अजून नाही.