आक्कांचा नवस

इरा, निखिल,

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की तिथून उठून जाणारी मी. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय... पण आजी व्हिडिओ कॉल घ्यायला इतका वेळ का लावते, असं तुम्ही नेहमी विचारता, म्हणून लिहिते.

माझा डावा डोळा लहानपणीच गेला. उजव्याला मध्यंतरी मार लागला आणि आतलं भिंग काढावं लागलं. कृत्रिम बसवता येईना, म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स. ती काढली की समोरचा माणूस म्हणजे नुसता धुरकट रंग.

मागच्या उन्हाळ्यात डिंगोऱ्याला माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे, आक्कांकडे होते. अंगणात कांदा भरणं चाललं होतं. डोळ्यात धूळ गेली, म्हणून लेन्स काढून डबीत ठेवली आणि ओट्यावर बसले. तेवढ्यात गोठ्याकडून आक्का आल्या... आणि मला स्वच्छ दिसल्या. हनुवटीवरचं गोंदण, पदराला चिकटलेली कांद्याची साल. मागची भिंत, कडुनिंब मात्र नेहमीसारखे धुरकट.

लेन्स चुकून डोळ्यातच राहिली असेल, म्हणून काढायला गेले. बोट थेट डोळ्याला लागलं. लेन्स डबीतच होती.

"आक्का, पदराला साल चिकटलीय तुमच्या."

त्यांनी पदर पाहिला आणि खालीच बसल्या. "भिंगाबिगर दिसतंय तुला?"

"तुम्ही तेवढ्या दिसताय."

"मंग पावली की देवी. बोलले व्हते मी, सुमनला दिसाय लागलं की त्याच पावली तुझी वटी भरीन."

"ऊन तरी उतरू द्या. मी आधी डॉक्टरांना विचारते."

"तू इचार डाक्टरला. देवीला कशापायी ताटकळत ठिवायची?" त्या हसल्या. "धुरकट व्हते तेच बरं व्हतं. आता सुरकुत्या मोजशील माझ्या."

खण-नारळ घेऊन त्या टेकडीवरच्या देवळाकडे अनवाणी निघाल्या. वळणाआड जाईपर्यंत त्यांच्या टाचांच्या भेगासुद्धा मला दिसत होत्या. मग पुन्हा सगळं धुरकट.

देवळाच्या पायऱ्यांवरच गेल्या त्या. खण हातातच होता. हृदय बंद पडलं, असं सांगितलं.

भिंगाशिवाय असं दिसणं शक्यच नाही, असं माझे डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात. मलाही ते पटतं. पण आक्का जाणार होत्या म्हणून मला दिसल्या, की दिसल्याचं मी बोलले म्हणून त्या गेल्या — हे मला आजही कळलेलं नाही.

म्हणून फोन कितीही वाजू दे, मी आधी हात धुते, लेन्स घालते, मगच कॉल घेते. लेन्स घालून तुम्ही स्वच्छ दिसलात, तर ते लेन्समुळेच... एवढं तरी मला खात्रीने म्हणता येतं.