कान कोणी पिळायचा

शिरूरला आमचं घर घोडनदीच्या अंगाला आहे. खाली आम्ही राहतो, वरच्या दोन खोल्या भाड्याने देतो. शेत निमोण्याला, त्यात शेवंती आणि झेंडू. आमचे हे सकाळी गाडीवर शेतात जातात ते दिवेलागणीलाच परततात. मुलगी एकच. ती शिकून औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागली, आणि तिच्याच सांगण्यावरून तिथला एक कोरियन इंजिनिअर आमच्याकडे राहायला आला. पुण्याहून रोज ये-जा करून तो कंटाळला होता.

तो यायच्या आधी मला जरा धास्तीच होती. याचं आपल्याला काय कळणार आणि आपलं याला काय कळणार? पण आला त्या दिवशी त्याने कोणी न सांगता जिन्याखाली बूट काढले आणि पाण्याचा पेला दोन्ही हातांनी घेतला. माझी निम्मी काळजी तिथेच मिटली. भाषेचं म्हणाल तर तो हिंदी बोलायचा. मशीनवरच्या बिहारी पोरांकडून शिकलेला, त्यामुळे स्वतःला 'हम' म्हणायचा. माझी हिंदी शिरूरची. 'हम खाना खा लिए हैं,' असं तो सांगायचा आणि मी 'थोडा अजून खाओ ना' म्हणत ताटात भाकरी टाकायची. आमचं कधी अडलं नाही.

अडायचं ते भलत्याच ठिकाणी. दूधवाला 'येतो' म्हणून निघून गेला की हा दारात उभा राहून त्याची वाट बघायचा. येतो म्हणजे जातो, हे समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. नुसतं 'जातो' म्हटलं की माणूस कायमचा निघाल्यासारखं वाटतं, म्हणून घरातून निघताना तसं कोणी म्हणत नाही, असं सांगितल्यावर त्याला पटलं. मग एकदा त्याने मला विचारलं की तुमच्या आईला भाऊ किती? मी म्हटलं, एक. तो चक्रावला. रिक्षावाला मामा, पोलीस मामा, बसस्टँडवर पेपर विकणारा मामा, एवढे सगळे माझ्या आजोळचे आहेत असं तो धरून चालला होता. भाजीवाल्या मावशीचं मात्र त्याला लगेच उमगलं. त्यांच्याकडेही खानावळीत वाढणाऱ्या बाईला मावशीच म्हणतात म्हणे. त्या दिवसापासून मीही त्याची मावशी झाले.

राखीपौर्णिमेला माझ्या दोन्ही दिरांची मुलं राखी बांधून घ्यायला आली होती. तेवढ्यात हा ड्यूटीवर निघायला जिना उतरला. मुलीने त्यालाही पाटावर बसवलं, ओवाळलं, राखी बांधली. आता मी काय करायचं, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, काही नाही, बहिणीच्या पाठीशी उभं राहायचं. त्याने ती राखी झिजून आपोआप गळेपर्यंत मनगटावरून काढली नाही. कारखान्यात मुलगी त्याला सर म्हणायची, घरी दादा.

पुढे मुलीचं लग्न ठरलं. मुलगा दौंडचा, रेल्वेत. दोन्हीकडच्या पाहुण्यांना सोयीचं म्हणून न्हावरा रस्त्यावरचं कार्यालय धरलं. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग कान पिळायचा प्रश्न निघाला.

आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, असा त्याचा अर्थ. मग नवरदेवाकडचे त्या भावाला पोशाख करतात. गंमतच असते ती, पण मान मोठा. मुलीला सख्खा भाऊ नाही. चुलत भाऊ दोन, आणि त्यांचे बाप, म्हणजे माझे थोरले आणि धाकटे दीर, निमोण्याला गावातल्या सोसायटीच्या निवडणुकीत दोन वेगळ्या पॅनलला उभे राहिल्यापासून एकमेकांच्या ओट्यावर चढत नव्हते.

थोरले दीर येऊन सांगून गेले की मान थोरल्या घराचाच, त्यात विचारायचं काही नाही. धाकट्यांनी बायकोकडून निरोप धाडला. मांडवापासून आचाऱ्यापर्यंत सगळं आमचा पोरगा बघतोय आणि मानाच्या वेळी त्याने लांब उभं राहायचं का? दोघांचंही खरं होतं. ह्यांचं जेवणातलं लक्ष उडालं. कोणाला हो म्हणावं तर दुसरं घर लग्नाला येणार नाही, अशी गत.

शेवटी मुलीनेच तोंड उघडलं. थोरले दीर पुन्हा आले होते, त्यांच्यासमोर ती शांतपणे म्हणाली, "आप्पा, तुमचं दोघांचं मिटत नसंल तर वरचा दादा कान पिळंल. त्याला पण मी राखी बांधली हाय."

आप्पा तिच्याकडे बघतच राहिले. "त्याला आपली रीत काय ठावं?"

"सांगितली की कळंल."

आप्पा चहा न घेता उठून गेले. हे माझ्याकडे बघायला लागले आणि मी जिन्याकडे.

वर जाऊन मी त्याला सगळं सांगितलं. भांडणाचंही सांगितलं, घरातल्या माणसापासून काय लपवायचं? आधी तो खूप हसला. त्यांच्याकडे म्हणे लग्नानंतर मित्रमंडळी नवरदेवाचे पाय बांधतात आणि वाळलेल्या माशाने तळव्यांवर मारतात. त्यामानाने कान पिळणं म्हणजे लाड झाले. वाळलेला मासा मारायला वापरतात हे ऐकून मलाही हसू आवरेना. पण मग तो एकदम गंभीर झाला. खाली बघत म्हणाला, "मावशी, हम तो अगले साल चले जाएँगे. फिर कान पकड़ने कौन आएगा?"

इतकी लग्नं पाहिली, पण कान पिळणाऱ्याने तो शब्द पुढे पाळायचा असतो, हे इतकं मनावर घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्याचं म्हणणं होतं की हा मान इथे राहणाऱ्या भावालाच द्यायला हवा, जो हाक मारली की दौंडला पोचेल. मग अगदी सरळ चेहऱ्याने त्याने विचारलं, "दूल्हे के कान तो दो हैं न?"

मी तिथेच पायरीवर बसले आणि पोट धरून हसले. एवढी शहाणी माणसं आमच्या भावकीत, पण कोणाला हे सुचलं नव्हतं.

रविवारी तो ह्यांच्या गाडीवर मागे बसून निमोण्याला गेला. थोरल्या दिरांच्या ओट्यावर मांडी घालून त्याने आपल्या बिहारी हिंदीत सगळं मांडलं. मी नंतर ह्यांच्याकडून ऐकलं ते असं, की आप्पा बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि मग म्हणाले, "आपलं भांडान मिटवाया कोरियातनं माणूस यावा लागला व्हय." एवढं बोलून त्यांनी उजवा कान आपल्या घराकडे मागून घेतला. धाकट्या दिरांनी डाव्याला हरकत घेतली नाही. फक्त दोघांनी एकाच वेळी पिळायचे, आधी-मागं नको, एवढं कबूल करून घेतलं.

लग्नात मंगलाष्टकं झाली, नवरा-नवरी होमाला बसली, आणि दोन्ही पोरं फेटे बांधून पुढे आली. निवडणुकीपासून दोघांत बोलणं नव्हतं, त्यामुळे एकमेकांकडे न बघता त्यांनी एकेक कान धरला. भटजी म्हणाले, हं, आता. दोघांनी पिळला. दौंडच्या बायकांनी 'आमच्या पोराला दोन्हीकडून धरलं' म्हणून गलका केला आणि पोरांनाही हसू फुटलं. थोरल्याचा मुलगा धाकट्याच्या मुलाला काहीतरी म्हणाला. काय ते मला ऐकू आलं नाही, पण बोलला.

आम्हाला वाटलं, झालं. पण जावईबापू मान वर करून गर्दीत शोधत होते. म्हणाले, "अजून एक मेहुणे राहिलेत की."

तो मागे खुर्च्यांच्या रांगेत बसला होता. लोकांनी त्याला ढकलत ढकलत पुढे आणलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. आधी तो जावयापुढे कमरेत वाकला, आणि मग त्याने कान असा काही पिळला की जावईबापू पाटावरून अर्धे उठले. कान न सोडता, पाठ केलेलं मराठी एकेका शब्दावर थांबत तो म्हणाला, "माझ्या बहिणीला नीट सांभाळा."

मांडवात हसण्याचा नुसता कल्लोळ उठला. माझी मुलगी सकाळपासून एकदाही रडली नव्हती, ती तेव्हा रडली. माझंही काही वेगळं नव्हतं. व्याह्यांनी कानपिळ्यांसाठी दोन पोशाख आणले होते, तिसरा कुठून आणणार? त्यांनी आपल्या खांद्यावरची शाल काढून त्याच्या खांद्यावर घातली आणि स्वतः दिवसभर तसेच फिरले. फोटोत बघाल तर जावयाचा तो कान शेवटपर्यंत लाल आहे.

दिरांची एका दिवसात दिलजमाई झाली, असं म्हणणार नाही. सोसायटीत अजून दोन पॅनल आहेतच. पण गेल्या हंगामात धाकट्यांचा ट्रॅक्टर आप्पांच्या रानात गेला, आणि आमच्या ह्या भाडेकरूची बदली झाली तेव्हा दोन्ही चुलतभाऊ एकाच गाडीतून त्याला पुण्याला सोडून आले.

यंदा थंडीत तो पुन्हा आला तो आईला घेऊन. बाई माझ्याच वयाच्या, हिंदीचा एक शब्द नाही, मराठीचा तर नाहीच. पण स्वयंपाकघरात आल्या आणि शेतातून आणलेले मुळे बघून त्यांनी बाह्या सरसावल्या. खुणा करून मीठ मागितलं, तिखट मागितलं, लसूण मागितला. मी लसूण सोलला, त्यांनी मुळा कापला. मीठ-तिखट लावून तो बरणीत भरला. चार दिवस बरणी ओट्यावर राहिली तशी तिची बातमी गल्लीभर वासानेच पोचली. मुलगी आणि जावई दौंडहून आले. पाहुण्या बाई बघायला म्हणून आप्पाही आले, आणि भाकरीबरोबर तो आंबलेला मुळा त्यांनी आधी संशयाने चाखला. मग ताट पुढे सरकवलं. बाईंनी त्यांना पुन्हा वाढलं.