एका गाडीचा पूल आणि काकूंचा तंबोरा

वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरातून निघताना जोशीकाकूंनी आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर डोकावून पाहिलं आणि मला बजावलं, "मंदार, भोपळा आहे हो तो. नारळ नाही."

मागच्या सीटवर काकूंचा मिरजेचा तंबोरा आडवा झोपला होता. खाली गादी, बाजूंना उशा, वरून गोधडी आणि गोधडीवरून सीटबेल्ट. नुकतंच ऑपरेशन झालेल्या सासऱ्यांना घरी न्यावं, तसा थाट. माझी बायको मुग्धा लग्नानंतर पहिल्यांदाच स्टेजवर गाणार होती, तेही ख्राइस्टचर्चला, आणि तिथे खरा तंबोरा कुणाकडेच नव्हता. "मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर गा की," असं मी एकदा सुचवून पाहिलं होतं. त्यानंतर दोन दिवस मला जेवणही मोबाइलवरूनच मागवावं लागलं.

विमानात तंबोरा सामानात टाकावा लागला असता, म्हणून गाडी. वेलिंग्टनला गाडीसकट बोटीत चढायचं, समुद्र ओलांडून दक्षिण बेटावर पिक्टनला उतरायचं आणि किनाऱ्याने खाली जायचं.

बोटीत गाड्या खालच्या मजल्यावर राहतात, माणसं वर. बोट चालू असताना खाली जायला बंदी. सामुद्रधुनीत बोट डोलायला लागली तशी मुग्धा म्हणाली, "तो खाली एकटाच आहे रे." बाहेर हिरवे डोंगर पाण्यात पाय सोडून बसलेले, डॉल्फिन दिसले म्हणून लोक कॅमेरे घेऊन पळताहेत, आणि आम्ही दोघं आपापल्या पायांखालच्या गालिच्याकडे बघत बसलेलो. पिक्टनला गोधडी उचलून पाहिली. तंबोरा शाबूत. पिवळा पडलो होतो तो मी.

द्राक्षमळे संपले, समुद्र लागला. कैकौराच्या खडकांवर सील, मी रविवारी दुपारी लोळतो तसे लोळत होते. फक्त वास त्यांचा जास्त. मुग्धाने आणलेले धपाटे संपल्यावर पाण्यासाठी डेअरीत शिरलो. (इथे कोपऱ्यावरच्या किरकोळ दुकानाला डेअरी म्हणतात. न्यूझीलंडमधल्या पहिल्याच आठवड्यात मी तिथे पातेलं घेऊन दूध आणायला गेलो होतो.) दुकानातली बाई म्हणाली, पुढे दरड कोसळलीय, आतल्या डोंगरी रस्त्याने जा. "हीप्स ऑफ ब्रिजेस, लव्ह. सगळे वन-लेन. टेक इट ईझी."

वन-लेन पूल म्हणजे एका वेळी एकच गाडी. पाटीवर दोन बाण असतात. आपल्या बाजूचा बाण छोटा आणि लाल असेल, तर आपण थांबायचं. पहिले काही पूल मी आदर्श नागरिकासारखे पार केले. मग तो आला. माझा बाण लाल होता, तो मला दिसलाही होता. पण समोरची गाडी अजून लांब होती, पुढे उतार होता, आणि माझ्यातला पुणेकर जागा झाला. मी दोनदा हेडलाइट मारला.

आपल्याकडे याचा अर्थ सरळ आहे: मी आलोय, तू थांब. इथे त्याचा अर्थ बरोब्बर उलटा: या, आधी तुम्ही. समोरच्या यूटने (मागे उघडा हौदा असलेली गाडी) आभाराचा हात केला आणि ती पुलावर चढली. मीही चढलो.

पुलाच्या मधोमध दोघांनी करकचून ब्रेक मारले. मागच्या सीटवरून 'ण्णंग' असा आवाज आला. मुग्धाने आधी मागे पाहिलं, मग माझ्याकडे.

यूटमधून गमबूट घातलेली एक बाई उतरली. मागच्या ट्रेलरमधल्या मेंढ्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"कीया ओरा!" तिने इथला माओरी नमस्कार केला. "लाइट तर तूच मारलास ना? मला वाटलं, मला बोलावतोयस."

"आमच्याकडे लाइट मारला की समोरचा थांबतो," मी म्हणालो.

"आणि समोरच्यानेही मारला तर?"

"मग हॉर्न."

ती कंबरेवर हात ठेवून हसली. "बरं. मी काही ट्रेलर घेऊन मागे जात नाही. तू जा."

रिव्हर्स हा माझा विषय नव्हे. मुग्धाने खाली उतरून मागचं दार उघडलं आणि तंबोरा कडेवर घेतला. "आधी मला आणि याला पुलावरून उतरू दे," ती म्हणाली. "मग खुशाल नदीत पड."

बाई हातवारे करत होती, "लेफ्ट, लव्ह! नो, द अदर लेफ्ट!" कठड्याला आरसा घासता घासता वाचवत मी कसाबसा मागे आलो. उतरून पाहतो तर मुग्धा गवतात बसून भोपळ्यावरून बोटं फिरवत होती.

"तडा?" मी विचारलं.

"वरून दिसत नाही. वाजवल्यावर कळेल." एक खुंटी सैल होऊन तार लोळत होती. तिने ती पिळली, कान दांडीला लावला, डोळे मिटले. आता भोपळा फुटका निघाला तर कार्यक्रम गेला, काकूंचा तंबोरा गेला, आणि बहुधा मीही.

तिने तारा छेडल्या. भरलेला, गोल आवाज सगळ्या दरीत पसरला. मेंढ्या गप्प झाल्या. मुग्धाने डोळे उघडले आणि पुलावरच्या त्या ब्रेकनंतर पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून हसली. मी मटकन गवतात बसलो. कशावर बसलो हे नंतर कळलं, पण त्या क्षणी तेही चाललं असतं.

"स्वीट अ‍ॅज!" बाई म्हणाली, म्हणजे झकास. "काय आहे हे?"

"भोपळा," मी म्हणालो. "नारळ नाही."

कार्यक्रम झाला. मुग्धा गायली, छान गायली. मी पहिल्या रांगेत होतो, पण गाण्यापेक्षा मी भोपळाच ऐकत होतो.

परतताना त्याच पुलावर यावेळी मोठा पांढरा बाण माझा होता. तरी मी थांबलो. पलीकडच्या गाडीने दोनदा लाइट मारला. मी ब्रेकवर पाय आणखी दाबला.

"अरे, जा ना," मुग्धा म्हणाली. "तुलाच जा म्हणतोय तो."

आयुष्यभर ज्या लाइटला घाबरून मी बाजूला झालो, तो इथे रस्ता देतो, हे डोक्याला पटलं होतं. पायाला पटायला वेळ लागला.

जॉन्सनव्हिलला काकूंनी गोधडी उचलली. "वा, जरासुद्धा हलला नाही की!"

मुग्धाने माझ्याकडे पाहिलं. मी तिला दोनदा डोळे मिचकावले. तिने इथला अर्थ घेतला आणि पुलापासून मेंढ्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

काकूंनी तारा छेडल्या, शेवटपर्यंत ऐकल्या आणि आत गेल्या. मी चपला शोधू लागलो. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात नारळ होता.

"भोपळा वाचला ना? मग उभा राहा असा," त्या म्हणाल्या. "हा तुझ्यावरून ओवाळून फोडते."