कुंदाचं यीस्ट

शाळेत रुजू झाले त्याच आठवड्यात कुंदा मराठेनं माझं ताक फ्रिजमधून काढून खिडकीत ठेवलं. दुबईची खिडकी आणि मे महिना. मधल्या सुट्टीत बघते तर बाटली टम्म फुगलेली. "हे कोणाचं काम?" असं मी इंग्रजीत ओरडले, तर पांढऱ्या कोटातली एक बुटकी बाई मायक्रोस्कोपवरचं डोकं न उचलता मराठीत म्हणाली, "माझं. बायो लॅबच्या फ्रिजमध्ये डबा ठेवायचा नाही, आणि ताक तर नाहीच नाही. आत माझी माणसं आहेत." बाटलीवरचं आडनाव तिनं वाचलं होतं. मी केमिस्ट्री शिकवायला आले होते, ती बायॉलॉजी शिकवायची, आणि दोघींच्या लॅबच्या मधे एकच दार होतं. इतक्या दिवसांनी कोणीतरी मराठीत तोडून बोललं ह्या आनंदात माझं भांडायचं राहूनच गेलं.

माणसं म्हणजे टेस्ट ट्यूबचा एक स्टँड. प्रत्येक नळीत तिरकी गोठवलेली जेली, जेलीवर सायीसारखी पांढरट रेघ, तोंडाला कापसाचा बोळा. ते यीस्ट होतं. पुण्याच्या प्रयोगशाळेत पीएचडीसाठी तिनं वर्षानुवर्षं खपून, लाखो पेशींतून निवडून काढलेलं. नवऱ्याला दुबईची नोकरी लागली तेव्हा तिचं वर्षभराचं काम उरलं होतं. तिच्या सरांनी सांगितलं, "घेऊन जा. इथे सारखे लाइट जातात, माझ्याकडचा संच असाच मेला. तुझ्याकडे जगेल." मग ही बाई पापड-लोणच्यांच्या बॅगेत नळ्या घालून गल्फला आली. "बीज जगवायला दुबईसारखी जागा नाही," ती म्हणायची. "लाइट जात नाहीत. पेरायला मात्र इथे काही सोय नाही."

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी शाळा सुटली की ती स्पिरिटचा दिवा पेटवून बसे. तार लाल करायची, निववायची, जुन्या नळीतलं कणभर यीस्ट उचलून नव्या जेलीवर रेघ ओढायची, बोळा लावायचा. ह्याला ती ट्रान्सफर म्हणे. जुनं खाणं संपलं की ते मरतं, म्हणून ही धडपड. आपण विरजण राखतो तसंच, फक्त विरजण बिघडलं तर शेजारणीकडे मागता येतं आणि हे कोणाकडेच मागता येणार नव्हतं. "आय हॅव ट्रान्सफर्स टुडे, मीटिंगला येणार नाही," असं तिनं एकदा प्रिन्सिपॉलना सांगितलं. त्या बिचाऱ्या केरळी बाईंना वाटलं, हिच्या नवऱ्याची बदली झाली. त्या तिच्या जागी नवी टीचर शोधायला लागल्या होत्या.

शाळेची बस अल क्वोजच्या गोदामांमधून वळणं घेत घरी न्यायची. त्या बसमध्ये माझं शिक्षण झालं. यीस्टच्या पेशीत काही जनुकं एका जागी स्वस्थ बसत नाहीत. ती स्वतःची नक्कल काढतात आणि ती नक्कल उडी मारून दुसरीकडे जाऊन बसते. जिथे बसते तिथलं जनुक बंद पडतं. कुंदाच्या सगळ्या नळ्यांत अशी उडी एकाच जनुकात पडलेली होती, त्यामुळे एक साधा अन्नघटक त्या यीस्टला स्वतः बनवता येत नसे. तो बाहेरून दिला तरच ते वाढे. ही उडी आंधळी असते, पडेल तिथे पडते, असं तिचे सगळे सहकारी म्हणत. कुंदाचं म्हणणं, नाही, ती जागा बघून पडते. प्रत्येक नळीतली उडी त्या जनुकात नेमकी कुठे पडली हे वाचून काढलं की ते सिद्ध होणार होतं, आणि उरलेलं वर्षभराचं काम ते हेच.

"आंधळी उडी फक्त माणूस मारतो," ती म्हणे. "आणि एक गंमत सांगू? फार गरम झालं की हे उड्या मारायचे थांबतात. पुण्याच्या हवेत छान उडतात, गरमीत गप्प." मग खिडकीबाहेर, साइटवरून परतणाऱ्या बसेसकडे आणि बाजूने जाणाऱ्या गाड्यांतल्या आपल्यासारख्यांकडे बोट दाखवून, "बघ ना. दोन वर्षांसाठी आलेले सगळे."

वर्गात ती कडक होती. उड्या मारणारी जनुकं पुस्तकात दीड ओळीत संपवलेली असत, ही पूर्ण तास घेई. एकदा एका मुलानं हात वर केला, "मॅम, इज धिस इन द पोर्शन?" कुंदानं खडू ठेवला आणि म्हणाली, "नो. इट इज ओन्ली ट्रू." मुलं हसली. मी दाराच्या अलीकडे ऐकत होते, मी नाही हसले.

घरी मात्र तिचं ऐकणारं कोणी नव्हतं. मुलगी अमृता लगेच म्हणायची, "ममा, प्लीज, नॉट द फंगस अगेन." आणि तिचे मिस्टर, श्रीकांतराव. त्यांची अल क्वोजमध्ये एसीच्या डक्टच्या कारखान्यात मॅनेजरची नोकरी. दारू नाही, आवाज चढवणं नाही, शुक्रवारी स्वतः भाजी चिरून देत, माझा गॅस सिलिंडरसुद्धा दोनदा त्यांनीच वर आणून दिला. वाईट माणूस असता तर मला हे लिहिणं सोपं गेलं असतं. कुंदाच्या नळ्यांचा विषय निघाला की ते कौतुकानं हसत आणि "हिचं ते चालू असतं" म्हणत. चालू असतं ते काय, हे त्यांनी माझ्या देखत कधी विचारलं नाही. तिनं सुरुवातीला सांगून पाहिलं होतं म्हणे. दुसऱ्या वाक्याला त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, तिसऱ्या वाक्याला पुन्हा वाढवला.

'पुढच्या वर्षी जाईन' असं म्हणत वर्षं गेली. मुलगी लहान आहे, सासूबाईंचं ऑपरेशन आहे, कोथरूडच्या फ्लॅटचे हप्ते आहेत. शेवटी पुण्याहून सरांचा फोन आला. ते निवृत्त व्हायला आले होते. "आता आलीस तर करून घेतो, कुंदा. नंतर माझ्या हातात काही नाही." आठवड्याभरानं कुंदा सरळ प्रिन्सिपॉलकडे गेली आणि वर्षाची बिनपगारी रजा मागितली. श्रीकांतराव म्हणाले, "जा की. मी कुठे अडवलंय?" हे मला सांगताना ती कडवट हसली. "'मी कुठे अडवलंय' म्हणणाऱ्याला ओलांडून जाता येत नाही गं. अडवणाऱ्याला तरी ढकलता येतं." पण ह्या वेळी ती जाणार होती. तिच्या चालण्यात फरक पडला होता.

बेत असा होता. जुलैत, नेहमीसारखं सुट्टीला, पुण्याला जाऊन नावनोंदणी पुन्हा चालू करायची, अमृताची शाळा बघायची. सप्टेंबरात परत येऊन वर्ग दुसऱ्या टीचरच्या हवाली करायचे आणि नळ्या हातात घेऊन विमानात बसायचं. मी म्हटलं, आत्ताच ने ना. तर म्हणाली, "सासर, माहेर, दोन लग्नं, एवढ्या गावांतून मी ह्या नळ्यांना कुठे हिंडवू? सासूबाईंच्या फ्रिजमध्ये दहा जणींचे हात. त्यापेक्षा दुबईचं घर बरं. हे फ्रिज उघडतात ते पाण्याच्या बाटलीसाठी." सुट्टीत शाळेच्या लॅबची वीज बंद असे, म्हणून दर वर्षी नळ्या आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात बसून तिच्या घरच्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात जात. गारव्यात दोन महिने ते खाणं पुरे. बायका-मुलं देशात आणि नवरे इथे एकटे, हा इथला उन्हाळ्याचा रिवाजच. माणूस घरात, म्हणजे वीज चालू. "डब्याला हात लावू नका," एवढं ती निघताना सांगे.

त्या वर्षी कारखान्यात काम नव्हतं. साहेबांनी श्रीकांतरावांना म्हटलं, यल्ला, चल, तूही जाऊन ये. गणपतीला अचानक घरी पोचून सगळ्यांना चकित करायचं त्यांनी ठरवलं. आणि पंधरा दिवस घर बंद राहणार म्हटल्यावर कोणताही शहाणा दुबईकर करतो ते सगळं त्यांनी केलं. फ्रिज रिकामा केला, दूध-भाजी टाकली, कप्पे धुतले, वास धरू नये म्हणून दार उघडं ठेवलं आणि मेन स्विच खाली केला.

पुढचं कुंदानंच मला सांगितलं. पुण्यात आरती चालू होती. बेल वाजली, दार तिनंच उघडलं. समोर श्रीकांतराव, हातात ड्यूटी फ्रीची पिशवी. आतून "आले, आले" असा गलका झाला, अमृता बापाच्या गळ्यात पडली. कुंदा म्हणाली, "फ्रिज चालू ठेवलायत ना?"

"अगं, आधी आत तर येऊ दे! मेन बंद करून आलो. आणि फ्रिज असा चकाचक केलाय की तूसुद्धा करणार नाहीस."

"माझा डबा?"

"तो खराब झाला होता गं. आंबूस वास येत होता, पांढरं काहीतरी धरलं होतं. पण तू रागावशील म्हणून नळ्या नाही टाकल्या. व्हिम लावून, गरम पाण्यानं स्वच्छ घासून ठेवल्यात."

ती परत आली त्या दिवशी मी तिच्याकडे गेले होते. ओट्यावरच्या रॅकमध्ये सगळ्या नळ्या ओळीनं पालथ्या घातलेल्या. आमच्या लॅबमध्ये कधी इतकी स्वच्छ काच मी पाहिली नाही. कुंदा एकेक नळी उचलून नाकाशी नेत होती आणि परत ठेवत होती. मला रडू आलं, तिला नाही. ती म्हणाली, "डबा कुठाय?" आइस्क्रीमचा डबाही धुतलेला होता, पण झाकणाच्या खाचेत काहीतरी चिकटलेलं होतं. ते तिनं सुईनं खरवडलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जेलीवर पसरलं.

काही दिवसांनी त्यावर पांढरे ठिपके उगवले. कुंदा दारातून धावत आली, माझा वर्ग चालू असताना. तिला असं धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. पण खात्री करायला एकच मार्ग होता. तो एक अन्नघटक नसलेली जेली करायची आणि त्यावर हे यीस्ट पसरायचं. तिचं असेल तर उगवणार नाही. बाहेरचं, हवेतलं, कुठलंही ऐरंगैरं असेल तर उगवेल. दोन दिवस आम्ही ती काचेची थाळी रिकामी राहावी म्हणून अक्षरशः प्रार्थना केली. तिसऱ्या सकाळी ती काठोकाठ भरली होती. मुलं म्हणाली, "वॉव, मॅम, सो मेनी!" कुंदानं थाळी बंद केली आणि त्यांना पेशी विभाजनाचा धडा शिकवला.

रजा तिनंच रद्द केली. नव्यानं यीस्ट निवडून काढायला पुन्हा तितकीच वर्षं लागली असती, आणि सरांकडे वर्षभरही धड नव्हतं. श्रीकांतरावांशी ती भांडली नाही. ते दोन-तीनदा सॉरी म्हणाले, नव्या टेस्ट ट्यूबचा खोका आणून दिला. त्यांना खरंच माहीत नव्हतं, ह्यावर माझा विश्वास आहे, आणि त्याबद्दलच मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. मुद्दाम केलं असतं तर निदान तिचं काय चाललंय हे त्यांना ठाऊक तरी असतं.

नंतर कधीतरी इंटरनेटवर तिनं वाचलं, की परदेशात कोणी कोणी हे दाखवून दिलंय, उडी आंधळी नसते. स्टाफरूममध्ये माझ्याजवळ येऊन म्हणाली, "माझं बरोबर होतं गं." मग पेपर तपासायला बसली. बदल्यांचा गुरुवार मोकळा झाला होता, त्या दिवशी ती आता अमृताला क्लासला सोडायची.

व्हिसा कॅन्सल करून दोघं कायमची पुण्याला निघाली, तेव्हा दुबईच्या देरा भागातल्या एका हॉटेलात सगळ्यांना जेवण होतं. श्रीकांतराव बोलायला उभे राहिले. कंपनीचे, मित्रांचे आभार मानून म्हणाले, "आणि कुंदा. हिनं ह्या संसारासाठी पीएचडी सोडली. कधी बोलून दाखवलं नाही. अशी बायको मिळायला भाग्य लागतं." टाळ्या पडल्या. कुंदा जागेवरूनच, शांतपणे म्हणाली, "सोडली नाही. ह्यांनी घासून पालथी घातली." सगळा हॉल हसला. शिट्ट्यासुद्धा पडल्या. श्रीकांतरावही हसले, पण बसताना खुर्ची धरायला गेलेला त्यांचा हात चुकला.

जेवणं झाल्यावर ते मला शोधत हात धुवायच्या बेसिनपाशी आले. आजूबाजूला कोणी नाही असं बघून म्हणाले, "वहिनी, एक विचारू? त्या नळ्यांत होतं तरी काय नेमकं?"

"तिला विचारा ना."

"इतक्या वर्षांनी कसं विचारू हो? वाईट दिसतं. तुम्ही सांगा."

मला कुठून सुरुवात करावी कळेना. उडी, नक्कल, जागा, सगळं तोंडाशी आलं आणि तिथेच थांबलं. मी म्हटलं, "यीस्ट."

"यीस्ट? म्हणजे पावात घालतात ते?"

"हो. पावात घालतात ते."

श्रीकांतरावांनी मोठा श्वास सोडला. त्यांचा चेहरा असा मोकळा झालेला मी कधी पाहिला नव्हता. "मग ते तर कुठल्याही ग्रोसरीत मिळतं की हो!" ते म्हणाले, आणि रुमालाला हात पुसत तिच्याकडे गेले.