साडेदहाची ओहोटी

जिंकल्याची पत्रकं सायक्लोस्टाइल होत होती, तेव्हा हेमाताई गेल्याचं कळलं. माझे हात शाईने बरबटलेले, मशीनमधून ‘खाजण वाचलं!!’ असा मथळा घेऊन कागदामागून कागद बाहेर पडतायत, आणि दारात तिचा भाऊ पांडू. “ताई गेली रं, पहाटे,” एवढंच म्हणाला. मी मशीनचा दांडा सोडला. तर तोच म्हणाला, “थांबवू नको. तिनं सांगून ठेवलंय, पत्रकं वाटल्याबिगर माझ्या दारात रडायला कोन यायचं नाय.” मग उरलेली आम्ही दोघांनी मिळून काढली. बरीचशी वाकडी निघाली. तशीच वाटली.

हेमाताईचा जन्म बोरिवलीच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. विलेपार्ल्याच्या एका कॉलेजात ती भूगोल शिकवायची आणि संध्याकाळी घरी आली की आई, जनाबाय, बाजारात विकून उरलेले बोंबील साफ करत बसलेली असायची, तिच्याशेजारी पेपर तपासत बसायची. मी दिंडोशीचा. गिरणी संपात बापाच्या मागे पत्रकं वाटत वाढलो, त्यामुळे लिहायला मी तिथेच शिकलो आणि रागवायलाही. तिच्या हाती माझं पहिलं पत्रक पडलं तेव्हा तिने ते उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाली, “संजय, चार उद्गारचिन्हं आहेत आणि पुरावा एकही नाही. भांडायला आलायस की ओरडायला?” मला सणकून राग आला. दुसऱ्या दिवशी परत गेलो.

भांडण खाजणाचं होतं. वाडीपुढे तिवरांच्या पलीकडे चिखलाचं मोठं मैदान आहे. ओहोटीला उघडं पडतं, भरतीला बुडतं. बायका तिथे शिंपल्या वेचतात, चिंबोऱ्या धरतात, आणि भरतीबरोबर मासळी आत येते ती तिथूनच. ते गेलं की वाडीची चूल गेली. तर एका बिल्डरने अर्ज केला की ही पडीक कोरडी जमीन आहे, भरतीचं पाणी इथे पोचतच नाही, भराव टाकायची परवानगी द्या. आणि पुरावा काय? उपग्रहाने काढलेलं चित्र! मातकट, कोरडं ठक्क मैदान. पांडू म्हणाला, “आता वरून बघनाऱ्यासमोर आपन खालून काय बोलनार?” मला तेव्हा तो उपग्रह पाडावासा वाटला होता, खरं सांगतो.

हेमाताई मात्र ते चित्र मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मी विचारलं, हे लालभडक काय, आग लागलीय? हसली. “झाडं रे. या चित्रात हिरवं ते लाल दिसतं. ही आपली तिवरं.” मग तिने तो उपग्रह आम्हाला समजावून सांगितला. गेल्या वर्षी सोडलेला, आपल्याच लोकांनी बनवलेला. उत्तरेकडून दक्षिणेकडे पृथ्वीला फेऱ्या मारतो, आणि अशा बेताने की साधारण तीन आठवड्यांनी आपल्या डोक्यावर येतो तो सकाळी साडेदहाच्याच सुमाराला. ऊन दर वेळी साधारण त्याच बाजूने, म्हणजे दोन चित्रं शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. जनाबाय सुरी थांबवून ऐकत होती. म्हणाली, “दर खेपेला एकाच टायमाला येनाऱ्याला पानी कसा कळनार गो? पानी थोरीच एकाच टायमाला येतंय?”

हेमाताईने आईकडे असं बघितलं की... ते बघणं मी विसरणार नाही. लेकीलाही ते ठाऊक होतं, वाडीतल्या शेंबड्या पोरालाही असतं. पण आपण दोन गोष्टी दोन वेगळ्या फडताळांत ठेवतो ना, तसं झालेलं. ती उठली, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, चित्राची तारीख शोधली. षष्ठी! षष्ठीला साडेदहाला ओहोटी लागलेली असते. चतुर्दशीला त्याच वेळी खाडी काठोकाठ.

आता आम्हाला हवी होती चतुर्दशीची फेरी. मी म्हटलं, आत्ताच मोर्चा काढू. “काढ की. पण चित्र आल्याशिवाय मी कचेरीत येणार नाही.” एका फेरीला ढग आले. पुढच्या फेरीला भांगाचं पाणी, म्हणजे अष्टमीकडची लहान भरती, अर्धवट. तिची किडनी तेव्हाच दगा देत होती, आठवड्यातून दोनदा इस्पितळात जायची, तोंडावर सूज. तरी फेरीच्या दिवशी साडेदहाला बंदरावर हजर, वर बघत. दिवसाउजेडी वर काही दिसत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. एकदा वाडीच्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून रांगेत उभ्या राहिल्या, फोटो निघणार म्हणून. “अगं, त्याच्या एका ठिपक्यात अख्खी आळी मावते, तुम्ही कुठून दिसणार!” हेमाताई हसून हसून खाली बसली. जनाबाय म्हणाली, “नाय दिसलो तर नाय. पन उभं ऱ्हायला काय जातंय?”

अखेर एका बिनढगाच्या फेरीला चतुर्दशी सापडली, आणि हेमाताईने कॉलेजमार्फत ते चित्र मागवून घेतलं. सुनावणीला बिल्डरचे तज्ज्ञ टाय लावून आले होते. “उपग्रह खोटं बोलत नाही,” असं तीनदा म्हणाले. हेमाताई उभी राहिली, टेबलाला धरून. “बरोबर आहे, नाही बोलत. हे त्याच उपग्रहाचं दुसरं चित्र. तीच जागा, तीच वेळ.” खाजणाच्या जागी काळंभोर पाणी, तिवरांच्या बुंध्याला टेकलेलं. तज्ज्ञ गडबडले. म्हणाले, आम्ही बिनढगाचं चित्र मागवलं होतं. ती म्हणाली, “ढग बघितलेत, चंद्र बघितला नाहीत. उपग्रह सूर्याच्या वेळेने येतो, पाणी चंद्राच्या वेळेने.” अधिकाऱ्यांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली आणि तारखा ताडून पाहिल्या. अर्ज फेटाळला गेला! हुकमाचा कागद मी इस्पितळात नेला. तिने वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “पत्रकात उद्गारचिन्हं किती घालणार?” मी म्हटलं एक. “घाल दोन,” म्हणाली. “कमावलीयत.”

आता पेपरात येतंय, ‘उपग्रहाने खाडी वाचवली’. साफ चूक! षष्ठीचं चित्रही त्यानेच काढलं होतं. त्याने दोन्ही वेळा इमानाने बघितलं. त्याला कधी बघितलंस हे विचारणारं कुणीतरी लागतं. ते माणूस आमच्या वाडीचं होतं, या एकोणनव्वद सालात होतं, हे छापा.

तिचं कॅलेंडर अजून त्याच खिळ्याला आहे. डिसेंबरपर्यंतच्या फेऱ्यांवर तिने लाल गोल करून ठेवलेत. परवा त्यातला एक आला. मी, पांडू, जनाबाय आणि बऱ्याच बायका साडेदहाला बंदरावर गेलो. खाजण उघडं पडलेलं, चार पोरी शिंपल्या वेचत होत्या. तेवढ्यात जनाबायने कमरेवर हात ठेवून कोऱ्या आभाळाकडे तोंड केलं आणि बाजारात घालते तशी हाळी घातली, “आता ओहोटी हाय रं मेल्या! ध्यानात ठेव! चौदशीला ये, मंग बघ!”

बायका खो खो हसल्या. पोरींनी मान वर केली, आणि पुन्हा चिखलात हात घातले.