कूलरचा सूर

ओल्या वाळ्याचा वास आला की दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधला खडखडता कूलर आठवतो. माझा रॉकवेडा मित्र त्याच्या घरघरीवर गिटार जुळवून चमत्कारिक गाणी रचायचा आणि मी ट्रंक बडवणारा थोर ड्रमर. त्याचे वडील निवृत्त झाले, गुडगावात एसीवाला फ्लॅट घेतला. सामान हलवताना कुणी सांगितलं नसताना मीच कूलर कबाड्याच्या हातगाडीवर चढवला, वर सलामही ठोकला. नव्या घरातल्या शांततेत त्याला गाणं सुचेना. “यार, कूलर कुठंय?” “तुझ्या बाबांनी दिला कबाड्याला,” मी ठोकून दिलं. त्यानं गिटार खोळीत घातली ती कायमचीच. परवा त्याच्या वडिलांच्या तेराव्याला तो म्हणाला, “कूलरबद्दल मी बाबांना कधी माफ केलं नाही.” एवढे किस्से रंगवणारा मी, हा तेवढा त्याला सांगू शकलो नाही.